नव्या प्रणालीचा गृहप्रवेश

सांगलीच्या आमच्या घरात, माजघराला लागून असलेल्या खोलीत, विजेच्या बोर्डावर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. पोस्टकार्डाचा कापलेला तुकडा. त्यावर निळ्या शाईने, ठसठशीत अक्षरांत लिहिले आहे, ‘हे बटण बंद करू नये.’ खाली सही नाही, तारीख नाही, कारणही दिलेले नाही. अक्षर माझ्या वडिलांचे, म्हणजे अण्णांचे. मी चौतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. एखादा कागद हाती आला की तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला आणि कशासाठी लिहिला हे आधी विचारा, असे दर वर्षी नव्या मुलांकडून घोकून घेतले. पण घरातल्या या अस्सल कागदाला मी तो प्रश्न एकदाही विचारला नाही. म्हातारपणाचा विक्षिप्तपणा, एवढेच समजलो. आणि २०२३ च्या मे महिन्यात एका रात्री ते बटण बंद केले.

बटण ज्या यंत्राचे, तो संगणक आम्ही २००९ च्या दिवाळीनंतर महिनाभराने घेतला. दुकानदाराने सुटे भाग जोडून उभा केलेला. आत इंटेलचा कोअर टू ड्युओ, दोन जीबी मेमरी, आणि तेव्हा नुकतीच बाजारात आलेली विंडोज ७. अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. पोस्टातली नोकरी संपून सोळा वर्षे झाली होती, आणि आमच्या गल्लीची बखर लिहायचे त्यांच्या मनाने घेतले होते. कोणते घर कोणी बांधले, कोणत्या घरातली विहीर कधी बुजली, कोण कुठल्या गावाहून आले, २००५ च्या पुराचे पाणी कोणाच्या कितव्या पायरीला लागले, हे सारे त्यांनी घरोघर जाऊन, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या खनपटीला बसून विचारून घेतले. पत्रे वाटण्याच्या धंद्यात आयुष्य गेले असल्याने त्यांना कोणत्याही दारात मज्जाव नव्हता. अशी अकरा प्रकरणे त्यांनी एका बोटाने टाइप केली. २०२१ साली अण्णा गेले. ज्यांनी त्यांना माहिती दिली त्यांतली बहुतेक माणसे त्यांच्याही आधी गेली होती. कागदावर छापून ठेवलेली प्रकरणे चार. बाकीची सात त्या यंत्राच्या पोटात.

आता हे यंत्र सुखाने चालू असताना त्याला हात का लावला, असे कोणी विचारील. कारण माझी आई. माझा धाकटा भाऊ न्यूझीलंडला असतो आणि दर रविवारी त्याच्याशी तोंड पाहून बोलल्याखेरीज आईचा आठवडा सुरू होत नाही. मोबाइलचा पडदा तिच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना पुरत नाही. अण्णांच्या संगणकाचा मोठा पडदाच तिला हवा. पण विंडोज ७ ची देखभाल तिच्या कर्त्यांनी १४ जानेवारी २०२० रोजी थांबवली होती, आणि २०२३ च्या आरंभी क्रोम या ब्राउझरनेही तिची साथ सोडली. हळूहळू एकेक दार लागू लागले. एका रविवारी भावाचा आवाज आला, चेहरा आला नाही.

सुट्टीला माझी भाची आली होती. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तिने यंत्राभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, “मामा, याच्यावर विंडोज १० चढेल. कूर्मगतीने चालेल, पण चालेल.”

आईने विचारले, “म्हणजे काय करणार तुम्ही?”

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय हे आईला सांगणे मजकडे आले. मी म्हटले, यंत्र हा वाडा समज. वाड्यात कोणी कुठे बसायचे, कोठीची किल्ली कोणाला द्यायची, दारात आलेल्याला आत घ्यायचे की नाही, हे कारभारी पाहतो. आम्ही जुना कारभारी जाऊन नवा नेमणार.

“मग जुन्याने काय वाईट केलं?” आईने विचारले. याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

खरे तर हा प्रश्न साठ वर्षांपूर्वीही विचारला गेला होता, आणि फार मोठ्या रकमा पणाला लावून विचारला गेला होता. अगदी पहिल्या संगणकांना कारभारीच नव्हता. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये आपल्या लोकांनी बांधलेला संगणक १९६० साली चालू झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे बारसे केले. त्याच्यापुढे ज्याची पाळी असे तो आपली छिद्रे पाडलेली कागदी फीत घेऊन बसे, आणि त्याचे काम होईपर्यंत सारा वाडा त्याचाच. कारभारी नाही, तेव्हा कारभारी बदलण्याची ददातही नाही.

ही ददात सुरू झाली ती यंत्रे दुकानी-कचेरीत गेल्यावर. आय.बी.एम. कंपनीने १९५९ साली ‘१४०१’ नावाचे यंत्र बाजारात आणले. पगारपत्रके, विम्याचे हप्ते, मालाच्या याद्या असली कामे करणारे. त्याचा एवढा खप झाला की दहा हजारांवर यंत्रे जगभर गेली, आपल्याकडेही आली. आणि मग ७ एप्रिल १९६४ रोजी त्याच कंपनीने ‘सिस्टिम/३६०’ हे नवे घराणे जाहीर केले. लहानापासून थोरापर्यंत सगळ्या यंत्रांची भाषा एक, हा त्यातला विचार फार मोलाचा होता. फक्त ती भाषा १४०१ ला कळत नव्हती, आणि १४०१ ची या नव्या घराण्याला.

गिऱ्हाईक काय म्हणाले असेल याची कल्पना आपण करू शकतो. पाच वर्षे खपून पगारपत्रकाचा कार्यक्रम लिहिला, तो टाकून द्यायचा? शिवाय आधीच, १९६३ च्या डिसेंबरात, हनीवेल या प्रतिस्पर्धी कंपनीने डाव साधला होता. तिच्या ‘२००’ या यंत्राबरोबर ‘लिबरेटर’, म्हणजे मुक्तिदाता, नावाचा कार्यक्रम मिळे. तो १४०१ साठी लिहिलेले काम या नव्या यंत्राच्या भाषेत उतरवून देई. आय.बी.एम.च्या डोळ्यांत त्यामुळे चांगलेच अंजन पडले. त्यांनी ३६० च्या लहान यंत्राला एक सोंग शिकवले. वेळ पडली की ते आतल्या आत १४०१ चा वेष घेई आणि जुने पगारपत्रक निमूटपणे चालवी. पुष्कळ कचेऱ्यांत महागडे नवे यंत्र वर्षानुवर्षे असे जुन्याचे सोंग घेऊनच बसले होते म्हणतात. पुरोगामी सुनेने सासूचे नऊवारी नेसून हळदीकुंकवाला बसावे, तसे.

नवा कारभारी, ओएस/३६०, याची कथा तर याहून बोलकी. ते काम फ्रेडरिक ब्रुक्स या गृहस्थांकडे होते. ऐन भरात हजारावर माणसे त्यावर खपत होती, तरी ते वेळेवर झाले नाही. आणि झाले तेव्हा इतके अवजड झाले की लहान यंत्रांच्या मेमरीत मावेना. म्हणून लहान यंत्रांसाठी डॉस/३६० नावाचा वेगळा, आटोपशीर कारभारी करावा लागला. तो १९६६ साली मिळू लागला. ब्रुक्स यांनी १९७५ साली या अनुभवावर पुस्तक लिहिले. प्रामाणिक पुस्तक आहे. एक चूक दुरुस्त करताना दुसरी नवी उत्पन्न होण्याचा संभव शेकडा वीस ते पन्नास असतो, असे त्यांनी त्यात नमूद केले आहे. आमच्या घरी हे प्रमाण बरेच अधिक पडले.

पहिल्या दिवशी आम्ही सकाळी सुरुवात केली. भाचीने आधी अण्णांच्या साऱ्या फाइली एका पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या आणि तो आईच्या फडताळात, देवाच्या चांदीच्या उपकरण्यांशेजारी ठेवला. मग नव्या प्रणालीला आमंत्रण दिले. दोन तास चाकासारखी टिंबे फिरली आणि शेवटी निरोप आला की राखीव जागेत फेरफार करता येत नाही. ही राखीव जागा म्हणजे विंडोज ७ ने डिस्कच्या आरंभी आपल्यासाठी कोरून ठेवलेली शंभर एमबीची एक खोली. यंत्र जागे होते तेव्हा पहिले पाऊल तिथे पडते. २००९ साली ही खोली ऐसपैस वाटली होती. नव्या कारभाऱ्याचे बोचके तिच्यात मावेना.

तीनशे वीस जीबीच्या डिस्कवर जागा ओस पडलेली, आणि अडले ते या कोनाड्यात. भाचीने त्या खोलीचे दार उघडून आत काय आहे ते पाहिले. आत अक्षरवळणांच्या, म्हणजे फाँटच्या, फाइली निघाल्या : चिनी दोन, जपानी एक, कोरियन एक. सांगलीतला संगणक चौदा वर्षे रोज सकाळी या पाहुण्यांना ओलांडून उठत होता. त्यांना निरोप दिल्यावर जागा झाली. यात वाईट वाटण्यासारखे काही नव्हते. तरी मराठी बखर सांभाळणाऱ्या यंत्रात मराठी सोडून बाकीच्यांची सोय पाहून मी क्षणभर गप्प झालो.

दुपारी पुन्हा आरंभ केला. प्रणाली उतरवून घेण्याचेच काम संध्याकाळपर्यंत चालले. रात्री दहाला भाची म्हणाली, “मामा, आता बंद करून ठेवू, उद्या ताज्या डोक्याने बसू.” तिने यंत्र रीतसर बंद केले. आणि मी, जाता जाता, घरातल्या कर्त्या पुरुषाच्या सवयीने बोर्डावरचे बटण खाली केले. चिठ्ठी माझ्या बोटाखाली होती.

सकाळी यंत्र सुरू केले तर पडद्यावर निळा रंग पसरला, पांढऱ्या अक्षरांत काही मजकूर झळकला आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. पुन्हा निळा, पुन्हा आरंभ. आई दारात येऊन उभी राहिली. ती काही बोलली नाही. पण पदराचे टोक तिने बोटाला गुंडाळले, आणि ती असे करते तेव्हा मला माझी इयत्ता चौथी आठवते.

मी मनातून सारा दोष नव्या प्रणालीला देऊन मोकळा झालो होतो. भाचीने मात्र मोबाइलवर त्या निळ्या पडद्याचे छायाचित्र घेतले आणि त्यातला आकडा वाचला : शून्य एक्स, पुष्कळ शून्ये, शेवटी सात बी. “याचा अर्थ तिला स्वतःची डिस्कच सापडत नाही,” ती म्हणाली. “पण मामा, नवी प्रणाली अजून आत गेलेलीच नाही. जुनीच उठत नाहीये. काल आणि आज यांच्यात काय बदललं?”

हा प्रश्न तिने मला विचारावा! मी शाळेत दुसरे काय विचारीत होतो?

तिने यंत्राच्या मुळाशी असलेला सेटिंगचा पडदा उघडला. तिथे तारीख होती १ जानेवारी २००९. यंत्राला चौदा वर्षांची विस्मृती झाली होती.

इथे थोडे मागे जायला हवे. आय.बी.एम.चा पहिला पर्सनल कॉम्प्युटर १९८१ च्या ऑगस्टात आला, तेव्हा त्याला घड्याळच नव्हते. यंत्र सुरू केले की माणसाने स्वतः तारीख आणि वेळ सांगायची; बाकी आपल्यात काय काय जोडले आहे हे यंत्राला कळावे म्हणून आत बारीक खटके असत. १९८४ साली ‘एटी’ नावाचे पुढचे यंत्र आले, त्यात प्रथमच बॅटरीवर चालणारे घड्याळ बसवले, आणि त्याच घड्याळाच्या चकतीत उरलेल्या चिमूटभर स्मृतीत यंत्राच्या साऱ्या खाणाखुणा लिहून ठेवण्याची सोय केली. घड्याळ आणि स्मृती एका बॅटरीवर. पुढे सगळ्या जगाने हीच रीत उचलली. त्या चकतीत सालाचे शेवटचे दोनच आकडे मावत, शतक वेगळे कुठेतरी टिपावे लागे. १ जानेवारी २००० रोजी कित्येक जुनी यंत्रे एकाएकी १९८० सालात जाऊन पडली त्याचे मूळ इथे आहे. १९८४ साली कोणा इंजिनिअराने चार पैसे वाचवले, त्याचे व्याज साऱ्या पृथ्वीने भरले. असो.

आमच्या यंत्रातली ती बॅटरी, रुपयाएवढी चपटी गोल, चौदा वर्षांची झाली होती. यंत्र बंद असले तरी बोर्डावरचे बटण चालू असेल तोवर विजेचा एक झरा आत झिरपत असतो, आणि त्यावर स्मृती टिकते. घटकाभर वीज गेली तर म्हातारी बॅटरी कशीबशी तग धरी. पण रात्रभर? मी बटण बंद केले आणि यंत्र सारे विसरले. डिस्कशी बोलण्याच्या दोन रीती आहेत, एक जुनी आयडीई आणि दुसरी नवी एएचसीआय. दुकानदाराने २००९ साली नवी रीत ठरवून दिली होती, विंडोज त्याच बोलीत वाढली होती. स्मृती जाताच यंत्राने जुनी रीत धरली. दोघे एकाच घरात, पण एकमेकांची बोली कळेना.

भाचीने रीत बदलली, तारीख दुरुस्त केली. यंत्र उठले. अण्णांच्या फाइली जागच्या जागी होत्या.

मग आई म्हणाली, “त्यांना दुकानदारानं सांगितलं होतं, सेल बदला म्हणून. ते म्हणाले, बटण चालू ठेवलं तर चालतं ना, मग कशाला बदलायचा?”

“तू बोलली नाहीस कधी?”

“तू विचारलं नाहीस. आणि चिठ्ठी लावली होती की त्यांनी.”

बॅटरी जवळच्या घड्याळवाल्याकडे मिळाली. त्या दिवशी आमची नवी प्रणाली तिसऱ्या खेपेला सुखरूप आत आली. तीन तास लागले, तीन वेळा यंत्र स्वतःच बंद होऊन उठले, दर वेळी माझा जीव खालीवर झाला. पण संध्याकाळी नव्या निळसर पडद्यावर खिडकी उघडली आणि पुढल्या रविवारी आईला भावाच्या घरातले मांजरसुद्धा दिसले.

पेढे वाटण्याच्या आधी अण्णांची बखर उघडून पाहावी म्हणून मी बसलो, आणि कार्यक्रम म्हणाला : कुलूप सापडत नाही.

अण्णांचा मराठी लिहिण्याचा कार्यक्रम १९९८ सालचा. आधीच्या संगणकावरून त्यांनी तो या यंत्रावर आणला होता. त्या काळी असे कार्यक्रम चोरून वापरू नयेत म्हणून त्यांच्याबरोबर बोटभर लांबीचे एक कुलूप मिळे, त्याला डोंगल म्हणत. ते संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या तोंडात, खोचून ठेवायचे. ते दिसले तरच कार्यक्रम चाले. अण्णांचे कुलूप तिथेच होते. पण ते ओळखणारा जो दुवा जुन्या प्रणालीत होता, त्याला नव्या कारभाऱ्याने ठेवून घेतले नव्हते. फाइल दुसऱ्या कार्यक्रमात उघडली तर रोमन अक्षरे, उलट्या टोप्या, टिंबे आणि विलायती नाण्यांची चिन्हे यांचा चिवडा. आमच्या गल्लीचा इतिहास त्यात कुठेतरी होता.

याचेही कारण जुन्या तडजोडीतच आहे. संगणकाला आरंभी रोमन लिपीखेरीज काही ठाऊक नव्हते. देवनागरी त्यात आणण्याचे मोठे काम कानपूरच्या आय.आय.टी.त आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये झाले. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाचा सांकेतिक कोश १९८८ साली ठरला आणि १९९१ साली सरकारी मानक झाला. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकत्र घेणारा ‘युनिकोड’ही १९९१ चाच, त्यातली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे. म्हणजे कागदोपत्री सारे ठीक होते. पण विंडोजला देवनागरी खऱ्या अर्थाने उमगली ती २००० साली, विंडोज २००० मध्ये, र. कृ. जोशी यांनी घडवलेल्या ‘मंगल’ या अक्षरवळणासह. मधली वर्षे छापखाने, वर्तमानपत्रे, कचेऱ्या आणि अण्णांसारखी हौशी माणसे थांबून थोडीच राहणार? त्यांच्यासाठी एक युक्ती निघाली. रोमन अक्षराच्या घरात देवनागरीचे चित्र बसवायचे. फाइलीत लिहिलेले असते रोमन अक्षर, डोळ्यांना दिसतो ‘क’. आणि दर कंपनीची घरे वेगळी. एकाच्या ‘क’ च्या घरात दुसऱ्याचा अर्धा ‘श’. ही युक्ती करणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. त्यांच्यामुळे त्या दहा-बारा वर्षांतले मराठी लिहिले तरी गेले. माझ्यापाशी शे-सव्वाशे वर्षांपूर्वीचे एक मोडी खरेदीखत आहे, ते मी आजही चष्मा लावून वाचतो. माझ्या बापाने २०१४ साली लिहिलेले प्रकरण मला वाचता येईना, ही मात्र मौज.

भाचीने डोंगलचा दुवा नव्याने बसवण्याचे दोन दिवस नाना प्रयत्न केले. मी त्या वेळात वाचून काढले की या बाबतीत प्रणाली करणारेही काही कमी राबलेले नाहीत. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आली तेव्हाची एक गोष्ट त्या व्यवसायात अजून सांगतात. ‘सिमसिटी’ नावाच्या खेळात एक चूक होती : परत केलेली मेमरी तो पुन्हा वापरी. जुन्या विंडोजमध्ये ते खपून जाई. नव्या प्रणालीत खेळ कोसळू लागला. चूक खेळाची होती. पण गिऱ्हाईक म्हणणार, काल चालत होते, आज नव्या विंडोजने बिघडवले. तेव्हा विंडोज ९५ मध्येच अशी तजवीज केली की सिमसिटी दिसला की मेमरी परत घेण्याची घाई करायची नाही. पाहुण्याची खोड ओळखून घरधन्याने गप्प बसावे, तसे.

पण हीच माणसे उलट टोकालाही गेली आहेत. २००६ साली नव्या संगणकांवर ‘व्हिस्टासाठी समर्थ’ अशा अर्थाच्या चिकट्या लावल्या गेल्या, आणि ३० जानेवारी २००७ रोजी व्हिस्टा बाजारात आल्यावर त्यांतल्या कित्येक यंत्रांना तिचे खरे रूप झेपेना. प्रकरण अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या कोर्टात गेले. सगळ्या गिऱ्हाइकांच्या वतीने एकत्र दावा चालवण्याची परवानगी २००८ साली मिळाली, २००९ साली काढून घेतली गेली. त्या दाव्यात कंपनीच्या आतली पत्रे उघड झाली, आणि तिच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याने आपले महागडे यंत्र आता टपाल वाचण्यापुरतेच उरले असे लिहिल्याचे जगाला कळले. बिचाऱ्याशी माझी लगेच गट्टी जमली.

चौथ्या दिवशी भाची म्हणाली, “मामा, मागे जाऊ या.” नव्या प्रणालीत ही एक चांगली सोय आहे, न पटल्यास दहा दिवसांच्या आत जुना कारभारी जसाच्या तसा परत बोलावता येतो. अकराव्या दिवशी हे लक्षात आले असते तर हा लेख मी लिहिला नसता. आम्ही मागे गेलो. विंडोज ७ परत आली, कुलूप ओळखले गेले, आणि ‘प्रकरण पहिले : नदीकडून येणारी वाट’ हे शब्द पडद्यावर उमटले तेव्हा आई खुर्ची ओढून बसली ती जेवायलाही उठेना.

मग आम्ही आधीच करायला हवे होते ते केले. अकराही प्रकरणे अण्णांच्या कार्यक्रमातून साध्या मजकुराच्या रूपाने बाहेर काढली, आणि जुन्या अक्षरांचे युनिकोड करून देणारा एक कार्यक्रम इंटरनेटवर फुकट मिळतो त्यातून ती घातली. चिवड्यातून मराठी निघाले! शंभरातले पंचाण्णव शब्द बरोबर. उरलेल्यांत पहिल्या वेलांटीने एक घर सोडून दुसऱ्याचा आश्रय घेतलेला, ‘दऱ्या’ चे ‘दर्या’ झालेले, रफार भलत्याच्या डोक्यावर. ते हाताने दुरुस्त करायचे म्हणजे कोणीतरी वाचून दाखवायला हवे. आईने वाचले. अण्णांनी जिथे खाडाखोड केली तेही तिला ठाऊक होते. “इथं ‘धर्मशाळा’ नाही, ‘धान्यशाळा’ आहे,” असे ती पडद्याकडे न पाहता सांगे. सातव्या प्रकरणात, गल्लीतल्या बायकांनी नळ आल्याच्या दिवशी विहिरीची ओटी भरली त्या मजकुराशी ती थांबली आणि म्हणाली, “हे मी सांगितलं होतं त्यांना. माझं नाव नाही घातलं.” आम्ही तळटीप घातली.

सारे झाल्यावर, पहिल्या दोन खेपांच्या अनुभवाने शहाणे होऊन, विंडोज १० पुन्हा चढवली. या वेळी एका दुपारीत काम झाले. तिचीही देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ या यंत्रावर येणे नाही. तिला सुरक्षेची एक नवी चकती लागते, ती यात नाही. प्रोसेसर दहा वर्षांनी जुना पडतो. आणि आमची प्रणाली ज्या ३२ बिटांच्या वाणाची, तो वाणच विंडोज ११ मध्ये ठेवलेला नाही. आईसाठी भावाने मोठ्या पडद्याची टॅबलेट पाठवली. जुने यंत्र इंटरनेटची तार काढून तसेच ठेवले आहे. बोर्डावरची चिठ्ठीही आहे, बॅटरी नवी असली तरी. आई काढू देत नाही.

बखर छापून झाली. दोनशे बारा पाने. त्यात अजून एक चूक राहिली आहे : ‘ऱ्हस्व’ हा शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी छापला गेला आहे. मी ती रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमाच्या माथी मारणार होतो. पण आईने अण्णांची जुनी हस्तलिखित वही काढून दाखवली. तिथेही तो तीन तऱ्हांनीच लिहिलेला होता.